आकृती सात-चारमधला नसलेला बाण

दि. ४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप ताईंच्या चरणी, आणि चरणांहून अधिक धाक जिचा वाटतो त्या त्यांच्या जिव्हेपुढेही, भाऊजींचा सविनय प्रणिपात.

पत्र लिहिण्यास कारण की, आकृती क्रमांक सात-चार सदोष आली आहे.

आपण म्हणाल, आकृती काढली तुमच्या बायकोने आणि तक्रार तिच्या थोरल्या बहिणीकडे, हा कुठला न्याय? निवेदन करतो. पदवीच्या प्रथम वर्षासाठी अस्मादिकांनी रचलेल्या पदार्थविज्ञानाच्या ग्रंथातील यच्चयावत आकृत्या आपल्या कनिष्ठ भगिनीच्या हातच्या आहेत, हे आपण जाणताच. आपण ज्या करमणूक उद्यानात मुख्य तपासनीस या नात्याने लोकांना गरगर फिरवून सुखरूप खाली उतरवण्याचे पुण्यकर्म करता, तेथील नव्या फिरत्या चकतीची रेखाटने करण्यासाठी ती डिसेंबरपासून आपल्या घरी वास्तव्यास आहे. अवघे तीन महिने, असे ठरले आहे. दरम्यान ग्रंथाचे सातवे प्रकरण, 'घर्षणरहित घूर्णन', प्रकाशकाच्या दारी तिष्ठत आहे. मजकूर मी पाठवतो, आकृत्या ती टपालाने धाडते.

आता दोष. उदाहरण असे : एक अतिशय गुळगुळीत सरळ नळी. तिचे एक टोक खुंटीत बसवलेले. नळी त्या खुंटीभोवती आडव्या पातळीत, एकसारख्या वेगाने फिरते आहे. आत एक मणी. घर्षण शून्य. मणी खुंटीपासून दूर दूर सरकत जातो आणि अखेर नळीच्या तोंडातून बाहेर पडतो. प्रश्न : मण्याला बाहेर ढकलणारे बल बाणाने दाखवा.

ताई, नळी अप्रतिम आली आहे. खुंटी इतकी सुबक की तिच्यावर टोपी अडकवण्याचा मोह व्हावा. मणी साक्षात मोती. परंतु बाहेरच्या दिशेचा बाणच नाही! नळीच्या भिंतीकडून मण्यावर येणारा एक आडवा बाण तेवढा आहे. प्रश्नाचे उत्तरच जिच्यातून गहाळ झाले, ती आकृती विद्यार्थ्यांपुढे कोणत्या तोंडाने ठेवावी?

तिला थेट का लिहीत नाही, ही शंका आपल्या मनात आलीच असेल. आमचा पत्रव्यवहार 'सर्व क्षेम' या शब्दांपाशी सुफळ संपूर्ण होतो, आणि दूरध्वनीवर मला समास सुचत नाहीत. शिवाय चूक दाखवणे म्हणजे कलहाला आवतण. आमचा संसार, आपणास ठाऊक आहेच, घर्षणशून्यतेचा आदर्श नमुना आहे. तिने म्हणावे, पडदे निळे असावेत. मी म्हणावे, निळेच. तिने म्हणावे, पडदेच नकोत. मी म्हणावे, नकोतच. शेजारच्या दंतवैद्यांच्या घरी रोज सायंकाळी भांडी आणि शब्द दोन्ही आपटतात. आमच्या घरी भिंतीवरच्या घड्याळाला स्वतःच्या टिकटिकीचा संकोच वाटावा अशी शांतता असते. वर्गात घर्षण शिकवताना मी आमचाच दाखला देतो.

तरी तो बाण घालून घ्यावा. बाकी क्षेम. चहात साखर किती चमचे, याविषयी आपल्या भगिनीने मागे काही आदेश ठेवलेला नाही, एवढीच काय ती प्रायोगिक अडचण.

आपल्या धाकट्या बहिणीचा (तात्पुरता पदभाररहित) पती

•

९ फेब्रुवारी

भाऊजी,

प्रणिपात पोचला. जिभेलाही पोचला, ती आज फार खुशीत आहे, तेव्हा सांभाळून वाचा.

आकृतीत काहीही चुकलेलं नाही. चुकलाय तुमचा प्रश्न. मण्याला बाहेर ढकलणारं बल दाखवा म्हणता. ते नसेल तर काय दाखवायचं, तुमचा फोटो?

धाकटीनं ती आकृती माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून काढली. शेवटी शेवटी नुसतं खोडरबर चालू होतं. मी म्हटलं, "अगं, कागदाला भोक पाडशील." तर म्हणाली, "बाण काढायचाय." "मग काढ." "कुठून काढू? ढकलतंय कोण त्याला?" मी बघितलं आणि म्हटलं, "कोणीच नाही." ती म्हणाली, "तेच तर," आणि पेन्सिल ठेवून दिली.

तुम्ही वर्गात हे शिकवता, तरी मी सांगते, कारण मला मजा येतेय. नळीची भिंत मण्याला फक्त आडवं ढकलते, फिरण्याच्या दिशेनं. मण्याला बिचाऱ्याला सरळ जायचं असतं. नळी वळत राहते. त्याला वळवून खुंटीकडे ओढेल असं आत काहीच नाही, ना दोरा ना घर्षण. म्हणून तो लांब लांब पडत जातो. धक्का वगैरे कोणीही मारलेला नाही.

आमच्याकडे हे रोज बघायला मिळतं. जुन्या चकतीला मागच्या महिन्यात सफाईवाल्यांनी हौसेनं मेण लावून चकाचक केलं. चाचणीसाठी आमचे व्यवस्थापक स्वतः टाय लावून मधोमध बसले. मधोमध म्हणजे त्यांच्या मते मधोमध. एरवी लोक बऱ्याच फेऱ्या टिकतात. साहेब पहिल्याच फेरीत बाजूच्या गादीवर. उठले, टाय झटकला आणि पहिलं वाक्य काय? "मला ढकललं कोणी?" चार माणसांची चौकशी लावणार होते. मी म्हटलं, साहेब, ढकललं कोणी नाही, धरून ठेवणारं जे होतं ते पुसून टाकलंय.

तुमचा संसारसुद्धा फार चकाचक आहे हो.

आणि एक. तीन महिन्यांचं काम संपत आलंय. उद्यानानं तिला कायमची जागा देऊ केलीय, रेखाटन विभागाची मुख्य म्हणून. महिनाअखेरीपर्यंत होय की नाही सांगायचंय. तिनं तुम्हाला कळवलंय ना? की तेही 'सर्व क्षेम'मध्ये बसवलंय?

ताई

•

दि. १३ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप ताईंना, त्यांच्या व्यवस्थापकांच्या टायबद्दल सहवेदना व्यक्त करून, नमस्कार.

प्रथम शास्त्र. आपण खुंटीपाशी उभ्या राहून पाहता, म्हणून आपणास बाहेरचे बल दिसत नाही. मण्यासोबत फिरत पाहणाऱ्यास मात्र प्रत्यक्ष जाणवते की काहीतरी आपल्याला बाहेर खेचते आहे. त्यासच अपकेंद्री बल असे म्हणतात. शास्त्रज्ञ त्याची 'छद्मबल' म्हणून संभावना करतात हे खरे; तथापि महाविद्यालयातील अर्ध्या समित्या छद्मबलावरच चालतात, त्यास कोणी हिणवत नाही. तस्मात बाण हवा.

आता दुसरा विषय. कायमच्या जागेची वार्ता मला नव्हती. आपल्या पत्राने आज ती मिळाली आणि परमसंतोष झाला. तात्काळ बाजारात जाऊन उत्तम कागदाचे एक अभिनंदनपत्र आणले आणि त्यावर स्वहस्ते लिहिले : 'हार्दिक अभिनंदन. तुझी इच्छा तीच माझी इच्छा. माझी यत्किंचितही हरकत नाही.' ते स्वतंत्र लिफाफ्याने रवाना केले आहे. असा पती पंचक्रोशीत दुसरा मिळेल काय? दंतवैद्यांना सांगितले, तर ते आ वासून पाहतच राहिले. त्यांच्या पत्नी मात्र 'अरेरे' म्हणाल्या. का, ते कळले नाही.

एक प्रश्न मात्र मनात घोळतो आहे, आणि आपल्या-माझ्यात आडपडदा नसल्यामुळे विचारतो. स्थिर वस्तू बाह्य बलाखेरीज हलत नाही. इकडे सारे स्थिर होते. मग ते बाह्य बल कोणते? तीन महिन्यांचे काम सुचवणाऱ्या आपण, राहायला खोली देणाऱ्या आपण, आणि आता ही कायमची जागाही आपल्याच उद्यानात. मी आरोप करीत नाही, मी केवळ बाण काढून पाहतो आहे, आणि तो दर वेळी आपल्या घराच्या दिशेने निघतो.

कारण माझ्या बाजूने तर कसलाच धक्का नव्हता. ती सकाळ मला लख्ख आठवते. मी मुद्रिते तपासत होतो. ती समोर येऊन बसली.

"ताईनं काम सुचवलंय. तीन महिने तिकडे राहावं लागेल."

मी म्हणालो, "उत्तम."

"जाऊ का?"

"अवश्य जा. माझी काही हरकत नाही."

"तुमचं पुस्तक?"

"टपाल आहे की!"

मग ती म्हणाली, "तुम्हाला काहीच म्हणायचं नाही?" मी प्रामाणिकपणे विचार केला आणि सांगितले की पान एकशे बारावर 'त्वरण' ऐवजी 'तरण' छापले गेले आहे. ती उठली. शब्दाने शब्द वाढला नाही. इतके निर्घर्ष प्रस्थान मानवी इतिहासात क्वचितच घडले असेल.

तेव्हा ढकलले कोणी, हे आपणच सांगावे.

आपला चौकस
भाऊजी

•

१७ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं अभिनंदनपत्र आलं. कागद खरंच उत्तम आहे.

तिनं ते टेबलावर उघडलं, वाचलं, माझ्याकडे सरकवलं. मी वाचून म्हटलं, "गुलाबाचं चित्र छान आहे." ती म्हणाली, "हरकत नाही म्हणतायत." मी म्हटलं, "वाचलं मी." ती म्हणाली, "यत्किंचितही." मग आम्ही दोघी हसलो. हसता हसता ती उठून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. मला ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडायची तिची लहानपणापासूनची सवय आहे, ते तुम्हाला माहीत असायला हवं होतं. तुमच्या घरी पाण्याचं बिल किती येतं हो?

आता तुमचा बाण. माझ्या घराकडे निघतो म्हणता ना? मग ऐका. काम मी सुचवलं हे खरं. पण त्याआधी आठ वर्षं मी हेच सुचवत होते, आणि ती हसून नाही म्हणायची. या वेळी हो का म्हणाली, ते तुमच्याच पत्रात तुम्ही तुमच्याच अक्षरात लिहून पाठवलंय. "जाऊ का?" म्हणून समोर बसलेल्या बाईला तुम्ही छपाईतली चूक दाखवलीत. मी वाचून कपाळावर हात मारला, तो अजून दुखतोय.

मण्यासोबत फिरून बघितलं की बल जाणवतं, असं लिहिलंय तुम्ही. शास्त्र बरोबर आहे तुमचं, पण भाऊजी, तुम्ही कधी बसलात तिच्यासोबत?

आणि तुमच्याच प्रकरणातली पुढची ओळ विसरलात की काय? मणी जितका लांब जाईल, तितकं त्याचं बाहेरचं त्वरण वाढत जातं. अंतर दुप्पट, तर त्वरण दुप्पट. आणि धरून ठेवायचं म्हटलं, तर दोऱ्यात ताणही तितकाच जास्त लागतो. खुंटीपाशी असताना एका बोटानं धरता आला असता. आल्या आल्या ती रोज म्हणायची, घरी झाडांना पाणी कोण घालत असेल, हे जेवले असतील का. मग आठवड्यातून एकदा म्हणायला लागली. आता विषय मला काढावा लागतो, आणि ती म्हणते, "ते ठीक असतील, ते नेहमीच ठीक असतात." नळीचं तोंड कुठाय ते तुम्हाला माहितीय. महिनाअखेर. त्यातून बाहेर पडला की मणी सरळ निघून जातो. मग दोरा कुठे बांधणार?

काम तिला मनापासून आवडतंय, हेही सांगून ठेवते. चकतीचे कागद भिंतीवर लावते आणि त्यांच्यासमोर उभी राहून एकटीच हसते. तेव्हा 'परत ये' असं हुकमी पत्र धाडायचा विचार असेल, तर त्याचा उपयोग नाही. पण काहीतरी म्हणा. तुम्हाला काही वाटतं की नाही हेच तिला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. मलाही नाही. मला कळायची गरज नाही म्हणा.

ताई

•

दि. २२ फेब्रुवारी

ती. ताई,

उत्तरास विलंब झाला. प्रयोगात व्यग्र होतो.

आपल्या पत्राने चित्त विचलित झाल्यामुळे मी आकृती सात-चार प्रत्यक्ष उभारली. प्रयोगशाळेतील फिरते मेज घरी आणले. त्यावर काचेची नळी बसवली, आतून तेल लावून पुसली, आत एक चकचकीत छर्रा सोडला. छर्रा मी खुंटीच्या अगदी लगत ठेवला होता, किंबहुना खुंटीवरच आहे अशी माझी समजूत होती. मेज फिरू लागले. प्रारंभी छर्रा इतका शांत होता की मला भरून आले. वाटले, पाहा, हलत नाही! मग तो किंचित सरकला. मग थोडा अधिक. आणि त्यानंतर जे घडले ते टिपण्यास माझी दृष्टी असमर्थ ठरली. छर्रा नळीबाहेर पडून, खिडकीवाटे, दंतवैद्यांच्या फुलझाडाच्या कुंडीत विसावला. पडदे नसल्यामुळे मार्ग निर्वेध होता.

दंतवैद्यांच्या पत्नी कुंडीचा तुकडा घेऊन आल्या. "प्राध्यापक, हे काय?"

"छर्रा, वहिनी. त्याला कोणी ढकलले नाही."

"मग इथवर आला कसा?"

"प्रारंभी तो अत्यल्प सरकला होता. मी लक्ष दिले नाही."

मग त्या म्हणाल्या, "कधी येणार आहेत त्या?" मी म्हणालो, "सर्व क्षेम आहे." त्यांनी तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि न बोलता गेल्या. त्या घरात शब्दांचा असा तुटवडा मी प्रथमच पाहिला.

दुसऱ्या वेळी छर्ऱ्याला दोरा बांधला. तुटला. जाड दोरा बांधला. टिकला. हाताशी ताण जाणवत होता, ताई. पुस्तकात मी त्यास एक अक्षर दिले आहे आणि त्यावर बाण काढला आहे. तो बोटाला कापतो, हे मी कुठेही लिहिलेले नाही.

आता निष्कर्ष. मला ओढता येत नाही. मला अनुमोदन देता येते, अभिनंदन करता येते, समास सोडवता येतो. कलहाचे शिक्षण मी घेतलेले नाही. सोबत एक मसुदा जोडला आहे : 'प्रस्तुत नियुक्तीसंदर्भात काही मुद्दे विचारार्थ सादर करावेसे वाटतात.' यात पुरेसा ताण उत्पन्न होतो काय? आपण अनुभवी आहात. योग्य त्या ठिकाणी अपशब्द घालून परत करावा.

भाऊजी

•

२४ फेब्रुवारी

भाऊजी,

मसुदा फाडला. मला कशाला पाठवता? पत्ता तोच आहे, फक्त वरचं नाव बदला. आणि 'प्रस्तुत' लिहिलंत तर मी मध्येच लिफाफा फोडीन.

ताई

•

दि. २५ फेब्रुवारी

प्रिय,

हा शब्द लिहायला सकाळचे दोन तास गेले, तेव्हा पुढच्या भाषेकडून फार अपेक्षा ठेवू नकोस.

माझी हरकत आहे.

अभिनंदनपत्रावर लिहिलेले सर्व खोटे होते, गुलाबासकट. तू त्या जागेसाठी पूर्णपणे योग्य आहेस, ती जागा घेण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे, आणि तरीही माझी हरकत आहे. ती तर्काला धरून नाही. मी तिला तर्काला धरायला बराच प्रयत्न केला. ती सुटून जाते. तू तिथे आणि मी इथे, या रचनेला माझी हरकत आहे. तू डिसेंबरात समोर बसून "जाऊ का?" विचारलेस, त्या वेळीही होती. मला वाटत होते की ती न बोलणे म्हणजे सुसंस्कृतपणा. माझ्या वडिलांचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जायचा. मी ठरवले होते की माझा आवाज माझ्या घरातसुद्धा ऐकू जाणार नाही. ते मात्र मी साधले.

आणखी हरकती, सुचतील तशा :

निळे पडदे मला आवडत नव्हते. मग ते काढलेस, तेव्हा आवडू लागले होते. दोन्ही वेळा मी बोललो नाही.

रविवारी तू एकटी फिरायला जातेस ते मला आवडत नाही. मलाही यायचे असते. तू विचारत नाहीस आणि मी उठत नाही.

खुंटीवर टोपी अडकवावीशी वाटली असे मी ताईंना लिहिले. ते तुला लिहायला हवे होते. तुझी प्रत्येक आकृती छापायला देण्याआधी मी बराच वेळ नुसती बघत बसतो. तू चहा घेऊन आलीस की लगेच मजकूर तपासायला लागतो.

बाणाविषयी. तुझे बरोबर आहे. प्रश्न बदलतो आहे. नवा प्रश्न : मण्याला धरून ठेवायचे असेल, तर किती बल लागेल आणि कोणत्या दिशेने? उत्तर मला येते. कृती येत नाही.

परत ये असे मी म्हणत नाही, कारण ते म्हणण्याचा हक्क मला आहे की नाही याची मला खात्री नाही. पण म्हणावेसे वाटते, एवढे नोंदवून ठेवतो.

मी

•

२८ फेब्रुवारी

अहो,

तुमची हरकत मिळाली. वाचली. पुन्हा वाचली. ताईनं मागितली, दिली नाही. तिला राग आलाय, जेवायला वाढताना भांडी आपटतेय. दंतवैद्यांकडे असल्यासारखं वाटतंय.

हरकत नामंजूर. आज सकाळी मी होय सांगितलं. जागा घेतली.

लगेच 'अभिनंदन' लिहायला बसू नका. आधी सगळं वाचा.

तुमचं पत्र आलं नसतं तरी घेणार होते. आलं म्हणूनही घेतली. मला हे काम हवंय. आकृतीतली चकती कागदावरून उठून खरी होते आणि तिच्यावर बसून माणसं किंचाळतात, हे मी पहिल्यांदाच बघतेय. एवढी वर्षं मी मणी काढला, नळी काढली, आणि ते सगळं पुस्तकात मिटून ठेवलं गेलं. तिथे मी ठीक होते. इथे मी बरी आहे. यातला फरक तुम्हाला कळावा म्हणून लिहिलं.

आणि ताईच्या टेबलावरची तुमची पत्रं मी वाचलीयत. तुम्ही आणि ताई, दोघं मिळून महिनाभर माझा मणी करून खेळलात, त्याचा मला फार राग आलाय. दोघंही हुशार, दोघांचंही शास्त्र बरोबर. मण्याला दोरा बांधायचा की नाही, किती जाड, यावर चर्चा. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की ती खुंटी तिथेच का ठोकलीय? आकृतीत ती मी काढली म्हणून आहे. घरी ती कोणी ठोकली? मी का म्हणून तुमच्याभोवती लांब-जवळ होत राहायचं? तुम्ही नाही हलू शकत? पाय नाहीत? पुस्तक तुम्ही कुठेही बसून लिहू शकता. नुसतं 'परत ये म्हणावंसं वाटतं' लिहिता, 'मी येऊ का?' हे सुचलंसुद्धा नाही तुम्हाला. दोन तास 'प्रिय' लिहिण्यात घालवलेत, त्यातली पाच मिनिटं यावर घालवायची होती!

आणि पडदे! पडदे आवडत नव्हते तर बोलायला काय झालं होतं? मी ते तुमच्यासाठी घेतले होते. तुम्हाला निळा आवडतो असं तुमची आई म्हणाली होती. मलाही नव्हते आवडत. तीन वर्षं दोघांनी न आवडणारे पडदे लावले आपण. याला काय म्हणायचं, सांगा, तुमच्या ग्रंथात काही शब्द आहे का याला?

मला अजून खूप बोलायचंय आणि पत्रात जोर येत नाही. तुम्ही मध्ये तोडत नाही, त्यामुळे भांडल्यासारखं वाटत नाही. या शनिवारी या. शनिवार-रविवार. ताईकडे नको, ती पंच होऊन बसेल. मी उद्यानाच्या मागच्या रस्त्यावर एक खोली घेतेय, वर जिना, एक खिडकी. पत्ता मागे लिहिलाय.

समास घरी ठेवून या.

तुमची (अजून तरी)

•

दि. ११ मार्च

तीर्थस्वरूप ताईंच्या रुष्ट चरणी नमस्कार.

आपले घर येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तरीही पत्र लिहितो, कारण समक्ष आपण मला वाक्य पूर्ण करू देत नाही, आणि आजकाल दिवसभर तोच अनुभव दुसरीकडे घेत असल्यामुळे निदान एक तरी वाक्य क्रियापदापर्यंत न्यावे अशी तीव्र इच्छा आहे.

शनिवारी पोचलो. जिना चढलो. तिने दार उघडले. माझ्या हातातील सामान पाहून तिची मुद्रा पालटली. दोन पेट्या, ग्रंथाची हस्तलिखिते, दिवा, आणि कुंडीत लावलेले ते झाड, ज्याला पाणी कोण घालते याची तिला पूर्वी चिंता वाटत असे.

"हे काय?"

"मी जूनपर्यंत रजा घेतली आहे. प्रकरण आठ येथेच लिहीन."

"मला विचारलंत?"

"नाही."

"मी शनिवार-रविवार म्हटलं होतं! एक खोली आहे ही. एक! न विचारता बिऱ्हाड उचलून आलात? आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनानं काही केलंत, ते हे?"

मी म्हणालो, "तुझे बरोबर—" आणि थांबलो. ताई, जिभेच्या अग्रावर 'तुझी इच्छा तीच माझी' आले होते. गिळले. आणि मग, मी हे अभिमानाने नमूद करतो, मी ओरडलो. फार मोठ्याने नाही, सराव नाही. "तूच म्हणालीस पाय हलव! हलवले तर आता शनिवार-रविवार! अर्धवट हलवू का?" असे काहीतरी. वाक्यरचना शिथिल होती. खालचा शिंपी शिवणयंत्र थांबवून ऐकू लागला.

त्यानंतर पडदे झाले. रविवारचे फिरणे झाले. पान एकशे बारावरचे 'तरण' झाले, ते तर फार वेळ चालले. भांडण रंगात आले तसा मी 'अहो'चा 'तू' झालो; कोणत्या वाक्यात, ते दोघांच्याही लक्षात आले नाही. ती म्हणाली, "तुला वाटतं तू माझ्यासाठी आलास. तू घाबरून आलास." मी म्हणालो, "हो." यावर तिचा पुढचा मुद्दाच निकामी झाला. मला वाटते, त्या क्षणी मी जिंकलो असतो, परंतु मला रडू आले आणि मुद्दा हातचा गेला.

आपण विचाराल, मग ठरले काय? तिची नोकरी पक्की आहे, त्याविषयी चर्चाही नको असे तिने बजावले आहे. जूननंतर मी नव्या महाविद्यालयात अर्ज करणार की येत-जात राहणार, यावर आमचे तीव्र मतभेद आहेत. दोन्ही बाजू मीच वेगवेगळ्या वेळी मांडल्या आहेत, हा तिचा मुख्य आक्षेप. आजपर्यंत मी परत गेलेलो नाही आणि तिनेही पेट्या जिन्यावर ठेवलेल्या नाहीत. सोमवारी सकाळी मात्र ती कामावर निघताना दारात थांबली आणि म्हणाली, "आज गाडी आहे तुझी."

मी म्हणालो, "जाणार नाही."

तिने चपला घातल्या आणि म्हणाली, "मग खिडकीपाशी माझं टेबल राहील. उजेड मला लागतो."

या निर्णयाला मी लगोलग हरकत घेतली आहे. ताई, सुनावणी अद्याप चालू आहे, आणि ती लवकर संपू नये यासाठी मी दररोज नवनवे मुद्दे शोधून ठेवतो आहे.

आपला,
भाऊजी